आठवी अ चा पत्रा: हरित सेनेच्या वहीतून

शाळा अमळनेर तालुक्यातली, पाचवी ते दहावी. दहावीच्या वर्गावर स्लॅब आहे. आठवी अ, आठवी ब आणि नववी एका ओळीत लोखंडी पत्र्याखाली बसतात. पोषण आहाराची खोली सिमेंटच्या पत्र्याखाली. हरित सेनेची, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण गटाची, वही माझ्याकडे असते, तिच्यातल्या नोंदी थोड्या झाडूनपुसून उतरवल्या आहेत. आपल्या शाळेचं छप्पर पांढरं करायचं मनात असेल, तर खिशात हात घालण्याआधी १ मार्च आणि ८ मार्च एवढं तरी वाचा.

२१ जानेवारी २०२५

उरलेल्या सत्रात काय करायचं यावर बैठक. फळ्यावर नेहमीची यादी: प्रभातफेरी, घोषवाक्यं, जुलैतल्या झाडांना पाणी. आठवी ब मधली एक मुलगी उठली. "मॅडम, झाडांची सावली पडेल तेव्हा आम्ही कॉलेजात असू. मार्चमध्ये आमच्या वर्गात बसून बघा." बाकीच्यांनी बाकं वाजवली.

विषय तिथेच ठरला. पत्रा तापू नये यासाठी काय करता येईल? सूचना भरपूर आल्या. पत्र्यावर तुराट्या आणि कडबा अंथरायचा, ही सगळ्यात लाडकी. गोठ्यावर घरोघरी तेच करतात. पण शेजारच्या खोलीत रोज चूल पेटते, म्हणून ती आधी बाद. आतून थर्माकोल लावायचा, ही आगीच्याच भीतीने बाद. पाण्याचे फवारे मारायचे, हिला तर गावातल्यांनीच हसून घालवलं असतं. एप्रिलात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सगळ्यांना माहीत आहे. राहिला पांढरा रंग.

पैसे: रद्दी विकून आलेले आणि माजी विद्यार्थ्यांनी दिलेले मिळून ६,००० रुपये. मोठ्या सरांनी एकच अट घातली आणि ती वहीत लिहून घेतली: कोणताही विद्यार्थी छपरावर चढणार नाही. मोजणं, हिशेब, नोंदी, दुकानात भाव काढणं मुलांकडे. शिडीच्या वरचं सगळं रंगाऱ्याकडे.

३ फेब्रुवारी

एकच वर्ग रंगवायचा आणि शेजारचा तसाच ठेवायचा, असं नववीच्या पोरांनी ठरवलं. आठवी अ रंगणार, आठवी ब नाही. दोन्ही वर्ग सारख्या मापाचे, दारं एकाच दिशेला, पत्रा एकाच वर्षीचा. ब वर्गाचा रुसवा पंधरवडाभर पुरला.

तापमापी जमवल्या. प्रयोगशाळेतल्या दोन काचेच्या, आणि बाजारातून आणलेल्या दोन डिजिटल, प्रत्येकी १८० रुपये. चारही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर चार आकडे! सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम यांच्यात दीड अंशाचा फरक. पत्रा रंगवून दोन अंश कमी झाले असं आम्ही सांगितलं असतं आणि त्यातला दीड अंश यंत्राचाच निघाला असता. आता प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली आहे: "हिच्यातून ०.८ वजा", "हिच्यात ०.४ मिळवा" अशी. हे काम फुकट होतं आणि पुढच्या सगळ्या कामाचा जीव त्यात आहे.

१७ फेब्रुवारी

रंग लावण्यापूर्वीची मोजणी. तापमापी बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीला, वर्गाच्या मधोमध, दोरीला टांगलेली. आधी ती भिंतीवरच्या खिळ्याला होती. पश्चिमेची भिंत दुपारी तापते आणि आकडा भिंतीचा येतो, म्हणून हलवली. दुपारी दोनला बाहेर सावलीत ३३, दोन्ही वर्गांत ३५ च्या पुढे, आणि दोघांत अर्ध्या अंशाहून कमी फरक. म्हणजे तुलना करायला जोडी चांगली आहे.

पत्र्याचं तापमान मोजायला ऑफिसातली कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची बंदूक काढली. पत्र्यावर रोखली की पडद्यावर नुसतं "हाय". ती ताप मोजायला बनवलेली, माणसाच्या तापाच्या वर गेलं की हात टेकते. मग मोटार रिवाइंडिंगवाल्या दादांकडून त्यांची बंदूक एका दुपारपुरती मागून आणली. तिने नववीच्या नव्या, चकचकीत पत्र्यावर ३८ दाखवले. शिपाईमामांनी शिडीवरून त्याच पत्र्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. चकाकणाऱ्या धातूवर ही बंदूक फसते, खरा आकडा कमी करून सांगते. उपाय दादांनीच सांगितला: पत्र्यावर वायरमनची काळी टेप चिकटवायची, ती तापू द्यायची आणि टेपवर नेम धरायचा. टेपवर ५४ आले. मुलांनी आतल्या बाजूने प्रत्येक पत्र्यावर टेपचा एकेक चौकोन लावून ठेवला आहे.

१ मार्च

चुन्याची चाचणी. चुना स्वस्त, गावात मिळतो, पिढ्यान्‌पिढ्या भिंतींना लावतात. म्हणून सुरुवात त्याच्यापासून. मैदानात पडलेला एक जुना पत्रा घेतला आणि त्याचे चार भाग केले.

पहिल्या भागावर चुना आणि पाणी. वाळल्यावर पांढराशुभ्र, पण बोट फिरवलं की बोटावर. संध्याकाळच्या वाऱ्याने अर्धा नेला.

दुसऱ्या भागावर चुन्यात फेविकॉल. बरा बसला, पण नालीच्या उंचवट्यावर दोन दिवसांत पापुद्रे सुटले. पत्रा न धुता लावला होता.

तिसऱ्या भागावर तेच, पण पत्रा आधी साबणाच्या पाण्याने घासून. हा टिकला.

चौथ्या भागावर एका पालकांच्या सांगण्यावरून चुन्यात मीठ घालणार होतो, भिंतीला घालतात तसं. लोखंडाला मीठ म्हणजे गंजाला आमंत्रण, म्हणून तो भाग कोराच ठेवला. नीळही घातली नाही. भिंतीला ती शोभते, पण आम्हाला उन्हाला परत पाठवायचं आहे, त्यासाठी पांढरं ते पांढरंच बरं.

मैदानाच्या कडेला बसणारे आबा हे सगळं बघत होते. "मॅडम, पत्राले चुना लावी ऱ्हायनात का? पानी उनं (पाऊस आला) म्हंजे समदं वाही जाई." त्यांच्या लहानपणी गावात सगळी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकायची, दाबायची, उतार करायचा. "तवय पंखा कोनले माहीत व्हता?" मुलांना धाबं म्हणजे हायवेवरचं जेवणाचं ठिकाण एवढंच ठाऊक. दोन घरं अजून उभी आहेत, तिथे त्यांना घेऊन गेले. दुपारी आत शिरल्याबरोबर पोरं गप्प झाली आणि तापमापी मागू लागली. पण घरमालकीण काकूंनी दुसरी बाजूही ऐकवली: खारी वाहायला आता माणूस मिळत नाही, पावसात एखादा कोपरा ठिबकतोच, लाकूड वाळवी खाते. पुढच्या वर्षी त्याही पत्रा टाकणार आहेत. गावं पत्र्यावर गेली ती हौसेने नाही.

८ मार्च

आज बेत बदलला. तिसरा भाग टिकला म्हणून चुन्यावर शिक्कामोर्तब होणार होतं. भाव काढायला गेलेली मुलं अमळनेरला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात शिरली, तिथल्या काकांनी विचारलं, "पत्रा गॅल्व्हनाइज्ड आहे ना? मग ओला चुना त्याच्यावरचं जस्त खातो." शाळेत आल्यावर विज्ञानाच्या सरांनी रासायनिक बाजू तपासली: जस्त आम्लात विरतं तसं तीव्र अल्कलीतही विरतं, आणि ओला चुना चांगलाच अल्कधर्मी. चुन्याच्या एका हाताने लगेच भोक पडणार नाही. पण दरवर्षी ओला चुना लावत राहिलो तर पत्र्याचं आयुष्य आपणच कमी करू.

म्हणून ठरलं: लोखंडी पत्र्याला बाहेरचा पांढरा ॲक्रिलिक, दुकानात "कूल रूफ" म्हणून मिळतो तो. चुना स्लॅबला आणि सिमेंटच्या पत्र्याला, तिथे तो दगडासारखा धरतो.

खर्चाचं गणितही मुलांनी मांडलं, त्यात चुना वाटला होता तेवढा स्वस्त निघाला नाही. चुना स्वतः मातीमोल, पण तो पत्र्यावर धरून ठेवायला लागणारा फेविकॉल महाग, आणि दरवर्षीची मजुरी वेगळी.

१२ मार्च

दुकानदाराने वर्गाच्या लांबी-रुंदीवरून १० लिटरचा डबा पुरेल असं सांगितलं. २,८०० रुपये. नववीच्या एका मुलाला शंका आली. त्याने नालीदार पत्र्याच्या लाटांवरून दोरा फिरवला आणि सरळ केला: दहा फुटांच्या रुंदीला दोरा साडेअकरा फुटांच्या आसपास. वर पत्र्याचा उतार आणि बाहेर आलेली पडवी. डबा कमी पडणार हे आम्हाला रंग उघडण्याआधीच कळलं, पण दुकानात दुसरा १० लिटरचा नव्हता. ४ लिटरचा घ्यावा लागला, १,२५० ला. मोठा डबा लिटरमागे स्वस्त पडतो. आधी दोरा, मग दुकान.

१५ मार्च

धुळवडीची सुट्टी काल संपली, रंगारी आज आले. पत्रा आदल्या संध्याकाळी साबणाने घासून घेतला होता, गंजक्या जागांवर रेड ऑक्साइड. सकाळी सहाला काम सुरू. साडेनऊच्या सुमाराला रंगारीभाऊ खाली उतरले: "मॅडम, ब्रश फिरवतो न फिरवतो तो रंग वाळतोय, रेघा राहतील." तापलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही, पापुद्रा होतो. उरलेलं काम पाच वाजल्यानंतर. दुसरा हात उद्या पहाटे.

खिळ्यांच्या वायसरभोवती भेगा दिसल्या, त्या रंगाआधी सीलंटने भरल्या असत्या तर पावसाळ्यातलं ठिबकणंही याच खर्चात थांबलं असतं. आता पुढच्या वर्गाला.

हिशेब: रंग ४,०५०, मजुरी २,१००, रेड ऑक्साइड २६०, ब्रश-रोलर-साबण ३९०. एकूण ६,८००. वरचे ८०० आणि तापमापींचे ३६० शिक्षकांनी वर्गणी काढून भरले.

२ एप्रिल

शाळा सकाळची झाली आहे. मोजणी करणारी पोरं चिकाटीची; त्यातली दोघं दुपारी दोनच्या आकड्यासाठी जेवण करून पुन्हा येतात.

सकाळी साडेसातला दोन्ही वर्ग सारखेच. साडेदहाला ब मध्ये ३५.५, अ मध्ये ३४. दुपारी दोनला बाहेर सावलीत ४१, ब मध्ये ४२.५, अ मध्ये ३९. पत्र्याच्या आतल्या टेपवर ब मध्ये ६१, अ मध्ये ४६.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या आकड्यांत एक अडचण दिसली आणि ती मी त्यांना दाखवली: फरक सगळ्यात मोठा असतो तेव्हा वर्ग रिकामा असतो. मुलं सव्वाअकराला घरी जातात. आपण ६,८०० रुपये घालून रिकाम्या बाकांना गार केलं का? वाद झाला, चांगला झाला. एकीचं म्हणणं, दीड अंश तर दीड अंश, शेवटच्या तासाला डोकं दुखत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, दहावीचे जादा तास दुपारी असतात, ते स्लॅबखाली न घेता आठवी अ मध्ये घ्या. ते मोठ्या सरांनी लगेच मान्य केलं. आणि ज्या मुलीने जानेवारीत सुरुवात केली होती, ती म्हणाली, "दुपारपर्यंत शाळेत कोण असतं? पोषण आहारवाल्या मावशी. आपल्या वर पत्रा आहे, त्यांच्या वर पत्रा आणि खाली चूल."

हे आमच्यापैकी एकाही मोठ्या माणसाला सुचलं नव्हतं.

५ एप्रिल

अ वर्गातला फरक याहून जास्त असायला हवा होता असं वाटत होतं. कारण सापडलं: दोन वर्गांमधली भिंत पत्र्यापर्यंत पोचतच नाही, वर हातभर फट. ब ची गरम हवा तिथून अ मध्ये येते. गावात वाढदिवसाच्या फ्लेक्सना तोटा नाही. शुभेच्छुकांसकट एक फ्लेक्स फटीवर ताणून बांधला. दुपारचा फरक साडेतीनवरून चारच्या पुढे गेला. खर्च शून्य. मागच्या भिंतीची वरची जाळी कुणीतरी पुठ्ठ्याने बंद केली होती, तीही उघडली.

१२ एप्रिल

पोषण आहाराची खोली. पैसे संपले होते, पण शाळा व्यवस्थापन समितीत विषय ठेवला. "पांढऱ्या रंगाने असं कुठे होतं का?" असा प्रश्न येणारच होता. नववीच्या मुलाने तयारी केली होती: अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि नंतर गरीब वस्त्यांच्या छपरांना चुना लावायला घेतला, आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच काढलं. मग त्याने आमचा स्वतःचा तक्ता दाखवला. समितीतल्या एका भाऊंनी तिथेच पैसे काढून दिले. तेलंगणापेक्षा तक्त्याचा परिणाम जास्त झाला असं मला वाटतं.

सिमेंटच्या पत्र्यावर काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, दोन्ही जिवाच्या. एक, या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सरचा धोका. कोरडा पत्रा तारेच्या ब्रशने घासायचा नाही. आम्ही तो भिजवला आणि मऊ झाडूने शेवाळ काढलं, तोंडाला मास्क. दोन, त्याच्यावर थेट पाय द्यायचा नाही. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पावलाखाली फुटतो. खालच्या आडव्या लोखंडाच्या रेषेवर फळी टाकून रंगारी त्या फळीवरच बसले.

चुना कळीचा आणला होता. तो पाण्यात टाकला की खदखदतो, थेंब डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. आदल्या रात्री पिंपात विरवून खोलीला कुलूप लावलं, सकाळी फडक्यातून गाळला, मग फेविकॉल. पातळ दोन हात, जाड एक नाही.

चुना ३५०, फेविकॉल ५६०, मजुरी ७००. एकूण १,६१०.

मावशींना चार दिवसांनी विचारलं. "पत्र्याचा चटका कमी झाला. धूर आहे तेवढाच आहे." खरं आहे. चूल तीच, खिडकी एकच. धुराचं काम वेगळं, ते पुढच्या वर्षाच्या यादीत पहिलं लिहिलं.

२८ एप्रिल

फरक घटतोय. चारच्या पुढे होता तो तीनवर आला. शिडीवरून बघितलं तर पांढऱ्या पत्र्यावर काळ्या मातीचा थर. नांगरलेली रानं, रोजच्या वावटळी. पांढरा रंग इथे पांढरा राहत नाही. धुवायला पाणी नाही. मामांनी लांब काठीला कापड बांधून कोरडंच पुसलं, अर्धा अंश परत मिळाला. रंगाऱ्यांना बोलवावं म्हटलं, तर परवा आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि त्यांच्या बहिणी माहेरी आलेल्या. आखाजीच्या तोंडावर खान्देशात कुणी शिडी चढत नाही.

मेचा दुसरा पंधरवडा

सुट्टी. मे कोरडा जातो या भरवशावर दहावीच्या स्लॅबलाही चुना लावायचं मनात होतं, आणि यंदा मेमध्येच वादळी पाऊस. केरळात मान्सून २४ मेला पोचला, मुंबईत २६ ला. स्लॅबचं काम राहिलं ते बरंच झालं. कोवळा चुना सगळा गटारीत गेला असता. त्याला हळूहळू सुकून घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो. आमच्याकडे फेब्रुवारी हाच त्याचा महिना, हे आता कळलं.

१८ जून

शाळा १६ ला उघडली. पाहणी: आठवी अ चा रंग जागच्या जागी, पावसाने उलट धुऊन काढलाय. आहाराच्या खोलीवरचा चुना बहुतेक शाबूत, पन्हाळीकडे पट्टे गेलेत. मैदानातल्या चाचणीच्या पत्र्यावर तिसरा भागही सोलला, खाली जस्त काळपट डागाळलेलं. तो पत्रा नव्या आठवीला दाखवायला ठेवलाय. आबांना मुद्दाम बोलावून दाखवला, ते काही न बोलता तंबाखू मळत राहिले.

वर पाठवायच्या अहवालात "लावलेली झाडे", "जगलेली झाडे" असे रकाने आहेत. छपराला रकाना नाही. "इतर उपक्रम" मध्ये दोन ओळी बसल्या.

विजेच्या बिलात फरक? नाही. पंखे तेवढेच चालतात. हे विचारणारे भेटतात म्हणून लिहून ठेवते.

९ ऑक्टोबर

आता शाळा पूर्ण वेळ आहे आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. दुपारी दोनला बाहेर ३५, ब मध्ये ३७.५, अ मध्ये ३५.५. पावसाळ्यात रंगावर हिरवट थर चढलाय, तरी दोन अंश हातात आहेत, आणि या वेळी बाकांवर मुलं आहेत. घासून धुतल्यावर पुन्हा मोजायचं आहे.

दोन मुलांनी घरच्या पत्र्याला उरलेला चुना लावून घेतला होता, लोखंडी पत्र्यालाच. त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. एका घरी शेळ्यांच्या गोठ्यावर सिमेंटचा पत्रा आहे, तिथे मात्र तो मस्त बसलाय.

आठवी ब आणि नववीसाठी भाव काढले. दोन्ही वर्गांचा रंग एकदम, २० लिटरच्या डब्यात घेतला तर लिटरमागे बरेच वाचतात, पण पैसे एकदम लागतात. दिवाळीची रद्दी गोळा करायला सुरुवात केली आहे. स्लॅबचा चुना फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, त्याआधी पत्र्यांच्या वायसरसाठी सीलंट. रंगाऱ्यांना तारीख आत्ताच सांगून ठेवली, लग्नसराईत ते मिळत नाहीत.